हमाल तुरुंगांत, शेठ मोकळा

वाचकहो, वर्तमानपत्रांत हल्लीं एक ओळ वारंवार वाचावयास मिळते : "अंमली पदार्थांच्या कटाच्या खटल्यांतून अमुक इसम पुराव्याअभावीं निर्दोष." ही ओळ ऐकून चावडीवर बसलेले लोक दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणतो, "पैसा चारला असेल." दुसरा म्हणतो, "शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हेंच खरें." एवढें बोलून तंबाखूची चिमूट दाढेखालीं गेली कीं विषय संपला!

आमचें म्हणणें असें कीं, विषय तेथें संपत नाहीं, तेथेंच सुरू होतो. खालच्या कोर्टानें सोडलेल्या माणसाविरुद्ध वरच्या कोर्टांत जातां येतें. तो हक्क कोणाचा, तो केव्हां वापरावा आणि केव्हां वापरूं नये, हें शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरानें समजून घेतलेंच पाहिजे. कारण या धंद्यांतला नफा कोणाच्याहि तिजोरींत जावो, पोर मात्र दोन्ही बाजूंनीं आपलेंच जातें. पुडी ओढणारें पोर आपलें आणि पोतें वाहणारें पोरहि आपलेंच.

हें शहराचें दुखणें, आपल्याला काय त्याचें, असें म्हणण्याचे दिवस गेले. २०२३ सालीं नाशिकजवळच्या शिंदे गांवीं मेफेड्रॉनचा कारखाना सांपडला. २०२४ च्या फेब्रुवारींत दौंड तालुक्यांतील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत तसलाच कारखाना पुणें पोलिसांनीं धरला. ही भुकटी शेतांत पिकत नाहीं, कारखान्यांत बनते. २०१५ सालीं तिला कायद्याच्या यादींत घातलें. म्हणजे हा रोग आतां आपल्या शिवाराला लागून आहे. आणि धंद्याची तऱ्हा तर जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात असे. पेढ्या गब्बर झाल्या, त्यांच्या मालकांना मानाच्या पदव्या मिळाल्या, आणि गोण्या वाहणाऱ्या हमालाचें नांव कोणत्याहि दगडावर कोरलें गेलें नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. अंमली पदार्थांचा चालू कायदा १९८५ सालचा. त्यांत मालाच्या वजनावर शिक्षा ठरते. गांजा २० किलो, अफू अडीच किलो, हेरॉईन २५० ग्रॅम, मेफेड्रॉन ५० ग्रॅम, यांहून अधिक माल सांपडला तर तें "व्यापारी प्रमाण" झालें. त्यास किमान १० वर्षें आणि कमाल २० वर्षें सक्तमजुरी, वर एक ते दोन लाख रुपये दंड. याच कायद्याचें २९ वें कलम कटाविषयीं आहे. माल ज्याच्या हातीं सांपडला नाहीं, पण ज्यानें तो आणण्याचा, पोंचविण्याचा किंवा विकण्याचा बेत इतरांशीं मिळून केला, त्यालाहि तीच शिक्षा. आणि २७ अ हें कलम पैसा पुरविणाऱ्याला धरतें.

कागदावर जाळें मोठें बारीक विणलेलें आहे. मग त्यांत मासोळी अडकते आणि मगर सुटते, हें कसें?

याचें कारण कटाच्या पुराव्यांत आहे. पोतें टेंपोंत सांपडतें, म्हणून ड्रायव्हर सांपडतो. पण शेठ टेंपोंत बसत नाहीं. तो पोत्याला हात लावीत नाहीं, पावतीवर सही करीत नाहीं. त्याच्यापर्यंत पोंचावयाचें तर पैशाचा माग काढावा लागतो, फोनचे हिशेब जुळवावे लागतात, गाडीचीं कागदपत्रें तपासावीं लागतात. हें कष्टाचें काम आहे. त्याऐवजीं वर्षानुवर्षें एक सोपा रस्ता चालत आला. धरलेल्या हमालाकडून ६७ व्या कलमाखालीं जबाब लिहून घ्यावयाचा, त्यांत शेठचें नांव घालावयाचें, आणि तेवढ्यावर कटाचा खटला उभा करावयाचा. २०२० च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं सांगितलें कीं, असा जबाब घेणारे अधिकारी हे पुराव्याच्या कायद्यापुरते पोलीसच होत. त्यांच्यापुढें दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाहीं. त्याबरोबर कागदी साखळी तुटली. आणि ती तुटली हें वाईट झालें, असें आम्ही म्हणणार नाहीं. कोठडींत बसवून घेतलेल्या सहीवर माणसाचीं दहा वर्षें कापावयाचीं, ही रीत कोणाला परवडणार आहे? शेठजवळ वकील असतो. सही करावी लागते ती हमालालाच.

तीच गत फोनच्या पुराव्याची. आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निकाल दिला कीं, यंत्रांतल्या नोंदींची नक्कल कोर्टांत आणावयाची तर तिच्याबरोबर कायद्यानें ठरविलेला दाखला हवा. एक कागद जोडावयाचा राहिला आणि फोनचा सगळा पुरावा ढासळला, असें होऊं शकतें. "माहीत नव्हतें" ही सबब पहिलीच्या पोराला शोभते, तपासाच्या अंमलदाराला नाहीं.

खुद्द कायदा लिहिणाऱ्यांनीं काय केलें, तेंहि ऐका. २०१४ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली. एका पोटकलमाचा क्रमांक बदलला, आणि २७ अ मध्यें जुनाच क्रमांक राहून गेला. म्हणजे पैसा पुरविणाऱ्या शेठला धरणारें कलम ज्या व्याख्येकडे बोट दाखवीत होतें, ती व्याख्या त्या जागीं उरलीच नव्हती. २०२१ सालीं त्रिपुराच्या उच्च न्यायालयानें हें उघडें केलें, तेव्हां प्रथम वटहुकूम आणि मग डिसेंबरांत कायदा करून ठिगळ लावलें. सात वर्षें! आमच्या शाळेंतला पोरगा गणितांत एक आंकडा चुकला तर आम्ही त्याचें उत्तर खोडतों. येथें देशाच्या कायद्यांत आंकडा चुकला, आणि तोहि नेमका सावकाराच्या कलमांत.

आतां अपिलाकडे वळूं. अमेरिकेंत ज्यूरीनें एकदां निर्दोष म्हटलें कीं सरकारला त्याविरुद्ध अपील नाहीं. आपल्याकडे १८७२ च्या फौजदारी संहितेपासून सरकारला तो हक्क आहे. आज तो २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१९ व्या कलमांत आहे. विशेष न्यायालयानें सोडलें तर सरकारनें ९० दिवसांत उच्च न्यायालयांत जावयाचें, आणि अपील दाखल होण्याआधीं त्या न्यायालयाची परवानगी मिळवावयाची. खून, मारहाण अशा गुन्ह्यांत ज्याला झळ लागली त्यालाहि २००९ पासून अपिलाचा हक्क मिळाला आहे. परंतु अंमली मालाच्या खटल्यांत झळ लागलेल्याचें नांव कागदावर कोठें असतें? ज्या मायेचा लेक पुडीनें गेला, तिचा त्या खटल्यांत उल्लेखहि नसतो. म्हणून येथें अपिलाचा सारा भार सरकारवर आहे. सरकार झोंपलें तर तिच्या वतीनें दुसरें कोणी जागें होणार नाहीं.

पण अपील म्हणजे काय, याविषयीं आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतें, वरचा जज्ज शहाणा, तो खरें काय तें ओळखील. बंधूंनो, अपील म्हणजे नवी पेरणी नव्हे. खळ्यावर आलेलीं कणसेंच पुन्हां मळावयाचीं. मळणी घाईनें झाली असेल, दाणा भुसांत गेला असेल, तर तो दुसऱ्या मळणींत निघेल. पण कणसांत दाणाच भरला नसेल, तर मुंबईला नेऊन मळा कीं दिल्लीला नेऊन मळा, भूसच उडणार. तपासांत जें मिळविलें नाहीं, तें अपिलांत उगवत नाहीं.

शिवाय सुटलेल्या माणसाच्या बाजूनें कायदा दुहेरी उभा असतो. गुन्हा शाबीत होईपर्यंत प्रत्येकजण निर्दोष, ही पहिली ढाल. आणि कोर्टानें पुरावा पाहून त्याला सोडलें, ही दुसरी. १९३४ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, उच्च न्यायालयाला सगळा पुरावा नव्यानें तपासण्याचा अधिकार पूर्ण आहे. पण ज्या न्यायाधीशानें साक्षीदार डोळ्यांनीं पाहिले त्याच्या मताला मान द्यावा, आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा. सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं हेंच सूत्र पुन्हां मांडलें : एकाच पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघत असतील, आणि खालच्या कोर्टानें सुटकेचा धरला असेल, तर वरच्यानें तो मोडूं नये.

राजस्थानांतलें एक प्रकरण पाहा. दोघांजणांकडे नऊ किलोंहून अधिक अफू सांपडली. अंगझडतीआधीं माणसाला सांगावें लागतें कीं, तुझी झडती मॅजिस्ट्रेटपुढें किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढें घेतली जावी, असा हक्क तुला आहे. हें ५० वें कलम. पोलिसांनीं दोघांना मिळून एकच नोटीस दिली, एकानेंच दोघांच्या वतीनें सही केली. वर त्यांना सांगितलें कीं, आमच्याच तुकडींतल्या अधिकाऱ्यापुढें झडती दिली तरी चालेल. उच्च न्यायालयानें दोघांना सोडलें. राजस्थान सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २०१४ सालीं तें अपील फेटाळलें गेलें. नऊ किलो अफूचा खटला एका नोटिशीवर गेला!

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, हा तर न्यायाचा खेळ झाला. माल खरा, माणूस खरा, मग सही एक कीं दोन, यानें काय बिघडतें?" बिघडतें तें असें. या कायद्यांत माल अंगावर सांपडला कीं तुझा नव्हे हें तूंच सिद्ध कर, अशी उलटी रीत आहे. जामीन मिळणें महाकठीण. तेव्हां पुडी खिशांत सांपडली कीं खिशांत घातली, एवढ्या एका गोष्टीवर आयुष्य टांगलेलें. ती गोष्ट ठरविण्याला झडतीचे नियम हाच एक आधार आहे. पंजाब सरकारच्या अपिलांत पांच न्यायमूर्तींनीं १९९९ सालीं हेंच सांगितलें : हक्क सांगितला नाहीं तर त्या अंगझडतींत मिळालेल्या मालावरच केवळ शिक्षा टिकत नाहीं. ज्या नियमानें आज एखादा शेठ सुटला, तोच नियम उद्यां तुमच्या पोराच्या गळ्यांतला दोर सोडवील. कुंपण उपटून टाकलें तर ढोरें आपल्याच शेतांत शिरतील.

मग अपील करावेंच कशाला? तर त्याचा उपयोगहि खरा आहे. खालच्या कोर्टानें कायद्याचा अर्थ चुकविला असेल, तर तो अपिलानेंच सुधारतो. पिशवींत माल सांपडला तरी अंगझडतीचा नियम लावून आरोपी सोडले जात होते. हिमाचल सरकारच्या अपिलांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पिशवी म्हणजे अंग नव्हे. तसेंच फिर्याद देणारा व तपास करणारा अधिकारी एकच असला तर आरोपी सुटलाच, असा निकाल २०१८ सालीं झाला होता. तो २०२० सालीं पांच न्यायमूर्तींनीं फिरविला. म्हणून सुटकेचा निकाल आला कीं सरकारी वकिलानें तो दिवाळींतल्या जुन्या हिशेबासारखा बांधून ठेवूं नये. त्यानें तो वाचावा, आणि दाणा गेला कोठें, मळणींत कीं पेरणींत, हें शोधावें.

येथें आमच्या गांवची एक गोष्ट सांगतों. आमच्या शाळेंतून सातवी झालेला सुताराघरचा एक मुलगा टेंपोवर क्लीनर होता. कांद्याच्या पोत्यांखालीं गांजा निघाला. ड्रायव्हर आणि क्लीनर यांना शिक्षा झाली. ज्याचा टेंपो, ज्यानें खेप ठरविली, तो कटाच्या आरोपांतून सुटला. कारण त्याच्याविरुद्ध ड्रायव्हरच्या जबाबापलीकडे कांहीं मांडलेंच नव्हतें. मुदत उलटून गेली, सरकारकडून अपील झालें नाहीं. त्या मुलाची आई शाळेच्या ओट्यावर येऊन मला म्हणाली, "गुरुजी, माझं पोरगं बारदान उचलणारं. बारदान ज्याचं, तो घरी. मग ह्यानं कट केला तरी कुणासंगं?" मी पंचवीस वर्षें पोरांच्या प्रश्नांना उत्तरें देत आलों, त्या बाईच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतां येईना. कायद्याचें उत्तर आहे : क्लीनर आणि ड्रायव्हर मिळून दोघे झाले, कटाला दोघे पुरतात. पण हें उत्तर त्या माउलीला सांगण्याला जीभ कशी उचलावी?

उलट बाजूहि आहे. कांहीं ठिकाणीं खात्याची अब्रू झांकण्यासाठीं अपील ठोकतात. जो पोत्यावरचा हमाल चार-पांच वर्षें कच्च्या कैदेंत घालवून सुटला, त्याच्याच मागें पुन्हां लागावयाचें, म्हणजे वरून विचारणा झाली तर "आम्ही अपील केलें आहे" असें लिहून मोकळें होतां येतें. तो बिचारा वर्षानुवर्षें टांगलेला; त्याला ना कोणी कामाला ठेवी, ना सोयरीक जुळे. २०२१ सालच्या मुंबईच्या जहाजावरील प्रकरणांत उच्च न्यायालयानें जामीन देतांना म्हटलें कीं, एकाच जहाजावरून प्रवास केला एवढ्यावरून कट ठरत नाहीं. तें खरेंच आहे. मग एकाच टेंपोंत बसला एवढ्यावरून तरी क्लीनरचा कट कां ठरावा? जहाजाला जो न्याय, तोच टेंपोला लावा, एवढेंच आमचें मागणें.

तेव्हां आमचें मत स्पष्ट आहे. जो पैसा लावतो, माल ठरवितो आणि नफा घेतो, त्याच्या सुटकेविरुद्ध, पुराव्यांत दाणा असेल तर, सरकारनें मुदतीच्या आंत, चांगला वकील देऊन अपील केलेंच पाहिजे. जो मजुरीवर पोतें वाहतो, आणि पोत्यांत काय होतें हें त्याला माहीत होतें याचा पुरावा नाहीं, त्याच्या सुटकेविरुद्ध केवळ रकाना भरण्यासाठीं अपील करूं नये. आणि जेथें तपासच पोकळ, तेथें अपिलाचें सोंग न आणतां ज्यानें तपास पोकळ केला त्याला जाब विचारावा.

ही तिसरी गोष्ट आमच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. गुजरातेंतल्या एका बालिकेच्या खुनाच्या खटल्यांत तपासाच्या चुकांमुळें आरोपी सुटला, तेव्हां ७ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक राज्याच्या गृहखात्याला हुकूम केला कीं, पोलीस व सरकारी वकील यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची कायम समिती नेमा. तिनें सुटकेचा प्रत्येक निकाल वाचावा, चूक कोणाची तें ठरवावें, आणि जाणूनबुजून वा निष्काळजीपणें खटला बुडविणाऱ्यावर कारवाई व्हावी. या हुकुमाची आठवण तुम्ही आपल्या आमदाराला द्या. तो मतें मागावयास येईल तेव्हां गटारीच्या पाइपाबरोबर हेंहि विचारा : आपल्या जिल्ह्यांत अंमली मालाच्या किती खटल्यांत आरोपी सुटले? किती निकाल समितीनें वाचले? किती अंमलदारांना जाब विचारला? माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्यांत आहे. एक अर्ज लिहावयाला मॅट्रिक लागत नाहीं.

सरकारला सांगितलें, आतां आपल्याला सांगतों, कारण या पापांत आपलाहि थोडा वांटा आहे. खटला बुडण्याचें एक मोठें कारण पंच. जीप येते, पारावरचे दोघे उचलते, आणि "सही करा" म्हणते. हे करतात. कोणी वाचीत नाहीं, कोणी विचारीत नाहीं. पुढें तीन वर्षांनीं समन्स आलें कीं कोर्टांत सांगतात, "मला कांहीं ठाऊक नाहीं, सही तेवढी माझी." झालें! खटला तेथेंच आडवा. ही सही ज्या दिवशीं केली त्या दिवशींच तुम्ही कोणाचा तरी गळा कापला होता. एक तर निर्दोष पोराचा, नाहीं तर न्यायाचा.

म्हणून पंच व्हाल तेव्हां माल डोळ्यांदेखत तोलला गेला कीं नाहीं तें पाहा. सील तुमच्यासमोर लागलें कीं नाहीं तें पाहा. कागद वाचा, वाचतां येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, आणि तोंवर अंगठा आवरा. कोरा कागद पुढें आला तर हात जोडून नाहीं म्हणा. आणि जें पाहिलें असेल, तें कोर्टांत जाऊन छाती पुढें करून सांगा. भीति वाटत असेल तर साक्षीदाराला संरक्षण देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं देशभर लागू केली आहे. तिच्यासाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं अर्ज करतां येतो. आणि आपलें पोर सुटल्यावर सरकारनें अपील केलें, तर नोटीस चुलींत घालूं नका. ऐपत नसेल त्याला विधि सेवा प्राधिकरण फुकट वकील देतें. तालुक्याच्या कोर्टांत चौकशी करा. गैरहजर राहिलांत तर तुमची बाजू कोण मांडील?

शेवटीं पोरांना एक गोष्ट शिकवा. अनोळखी माल दुप्पट भाड्यानें कोणी पाठवूं लागला, तर तो माल उघडून दाखवा म्हणावें. दाखवीत नसेल तर भाडें सोडावें. एक खेप बुडाली तर आठ दिवस चटणी-भाकरीवर निघतील. दहा वर्षें तुरुंगांत गेलीं तर घर बसतें, आणि तेव्हां माल पाठविणारा आपल्याला ओळखहि दाखवीत नाहीं.

— एक खेडवळ शाळामास्तर